तशीच थांब

"मावशी, आलं का?"

गच्चीवरून नाथाजीचा आवाज आला. हा केबलवाला नाथाजी. परवा माकडांनी इंटरनेटची वायर ओढून काढली, ती जोडायला तो सकाळी आठलाच वर चढला होता. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळं गच्चीवर कुणी शिंकलं तरी खाली ऐकू येतं. सून पूजा अंघोळीला जाताना मला टीव्हीखालच्या त्या पांढऱ्या डब्यापुढं खुर्ची टाकून बसवून गेली होती. "आई, तिसरा दिवा हिरवा झाला की नुसतं 'आलं' म्हणून ओरडा. बाकी कशाला हात लावू नका." जसं काय कशाला हात न लावताच मी तिचा नवरा लहानाचा मोठा केला. बसले आपली. दिवा तांबडा होता. आणि ते "आलं का" कानावर पडलं. पस्तीस वर्षांत हे दोन शब्द मला वरून कुणी विचारले नव्हते. दिवा लुकलुकला, हिरवा झाला, हिरवाच राहिला. मी बघितला. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय मिरजेला, तांदळातला पांढरा खडासुद्धा मला आता उठून दिसतो. मी मान वर केली आणि ओरडले, "न्हाई आलं!"

"आता?"

"न्हाई."

"आता बघा बरं, मावशी."

"न्हाई म्हटलं की रं! माझं डोळं काय भाड्यानं आणल्यात व्हय?"

वर तो पुन्हा खुडबुड करायला लागला. वैशाखातलं ऊन, साताऱ्याची सिमेंटची गच्ची, आणि मी खाली पंख्याखाली हिरव्या दिव्याकडं बघत बसलेली. आज रविवार. दहा वाजता माझी लेक संयोगिता सांगलीहून येणार, आणि तिच्यासंगं तिची लहानपणची मैत्रीण अर्फा येणार. ती वायर दहापर्यंत जोडून होऊ नये एवढंच माझं मागणं होतं. देवाकडं मागायला तोंड नव्हतं, म्हणून माकडांकडं मागत होते. गुरुवारी संयोगिताचा फोन आला होता, पंचेचाळिशीची बाई नऊ वर्षांच्या पोरीसारखी किंचाळत होती. "आई, अर्फाला सापडलं! आपलं टपालवालं अस्वल! इंटरनेटवर सगळं हाय. पण ती म्हणती फोनवर एकटी बघणार न्हाई, काकींच्या घरी, काकींच्या शेजारी बसून बघणार. रविवारी सकाळीच." मी म्हटलं, "या की." फोन ठेवला आणि झाडलेली खोली परत एकदा झाडली.

अख्खी गल्ली माझ्या सोप्यात बसायची, हे वाक्य मी पूजाला शंभरदा ऐकवलंय. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच ऐकवलं, म्हणजे आपण कुणाच्या घरात आलोय ते तिला कळावं. आणि ते खोटंही नाही. आष्ट्याला आमच्या गल्लीत पहिला टीव्ही माझ्या घरी आला. मालक, म्हणजे लालासाहेब, फौजेत हवालदार. कॅन्टीनमधून काळापांढरा टीव्ही घेऊन सुट्टीवर आले. त्याला लाकडी सरकती दारं होती आणि दारांना कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. रविवारी सकाळी पोरं दारात रांग लावून उभी राहायची. मी एकेकाचं डोकं हुंगायची. अंघोळ केली नसेल तर आल्या पावली माघारी. नखं बघायची. मग आत सोडायची, सतरंजीवर ओळीनं. किल्ली फिरवली की पोरांच्या तोंडातनं जो श्वास बाहेर पडायचा ना, तो मला लागायचा. भूक लागते तसा लागायचा. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, माझ्यापुढं मान वर करून बसलेली अशी ओळ मला कुणी दिली नव्हती.

अर्फा शेजारच्या कुतुबुद्दीनची. तो गाद्या भरायचा. त्याच्या अंगणातला कापूस उडून माझ्या तुळशीवर बसायचा आणि मी भिंतीवरनं त्याच्या बायकोला, शाहजादीला, चार शब्द सुनवायची. पोरगी काटकी होती नुसती, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. अंघोळ केलेली, नखं कापलेली. तिला हाकलायला मला कधी कारणच मिळालं नाही. आणि ते कार्टून हिंदीत. एक लठ्ठ अस्वल, खांद्याला टपालाची पिशवी, दर रविवारी एक पत्र द्यायला निघायचं आणि वाटेत काहीतरी होऊन पत्र राहायचं. ते बोलायचं भराभरा. आमच्या पोरांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. मलाही नाही. नवरा फौजेत असून मला हिंदी येत नाही हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. अर्फाच्या घरात तसलीच भाषा बोलायचे, तिला समदं कळायचं. ती पहिल्यांदा हसायची, मग सांगायची, "ते म्हणतंय पत्र मी खाल्लं न्हाई, पत्रानंच मला खाल्लं," आणि मग सगळा सोपा हसायचा. हळूहळू पोरं टीव्हीकडं कमी आणि तिच्या तोंडाकडं जास्त बघायला लागली. माझी संयोगिता तर तिच्या मांडीला मांडी लावून, तोंड उघडं टाकून. टीव्ही माझा, सतरंजी माझी, कुलूप माझं, आणि हसायचं कधी हे गादीवाल्याची पोरगी ठरवणार! एका रविवारी मी स्वतःला पकडलं. अस्वल काहीतरी बोललं आणि मी अर्फाकडं बघत होते, हसायचं का म्हणून.

लोक म्हणतील, तुझ्या पोटात जातपात होती. नव्हतीच असं म्हणणार नाही. पाण्याला चव नसते म्हणतात तशी ती होतीच, न कळणारी. पण तेवढंच असतं तर माझी सुटका झाली असती. जातीच्या नावावर चार बायकांनी माझ्यावर पांघरूण घातलं असतं. माझं दुखणं त्याहून हलकं होतं. नऊ वर्षांच्या पोरीचा मला हेवा वाटला.

श्रावणातला वारा सुटला होता. पडद्यावर मुंग्या आल्या, अस्वल मुंग्यांत बुडालं. पोरं ओरडली, "गेलं, गेलं!" अँटेना वर स्लॅबवर, लोखंडी पाइपाला. कुणीतरी जाऊन फिरवायला हवा होता. मी ओळीवरनं नजर फिरवली. माझा पोरगा विश्वजीत होता, गल्लीतली दोन दांडगी पोरं होती. मी म्हटलं, "अर्फा, तू जा. तू हुशार हायस, तुलाच जमंल." शिडी लावली ती कौतुकाचीच लावली. पोरगी फुलून वर गेली. "काकी, आलं का?" "न्हाई!" "आता?" "थोडं!" "आता?" आणि मुंग्या विरल्या, अस्वल पिशवी सावरत उभं. "आलं!" पोरं ओरडली. वरनं तिच्या पायांचा आवाज आला, उतरायला निघालेल्या. मी अंगणात गेले. ती पहिल्या पायरीवर होती. मी म्हटलं, "तशीच थांब. धरून ठेव. सोडलंस की मुंग्या येत्यात."

ती थांबली. त्या रविवारी थांबली, पुढच्या रविवारी आपणहून वर गेली, पोरं आत बसायच्या आधीच. दोन वर्षं. पावसाळ्यात मी तिला गोणपाटाची खोळ दिली, आणि वर शाहजादीला ऐकवलं की बघ, कशी जपते तुझ्या पोरीला. आत पोरं आता कमी हसायची, नुसती बघायची. माझ्या सोप्यात कशी शिस्त आली होती.

कार्टून संपलं की ती खाली यायची, तळहाताला गंजाची तांबडी रेघ. एकदा मी टीव्हीची दारं लावत होते, तर उंबऱ्याबाहेरनं तिनं विचारलं, "काकी, तो पक्षी कसा हाय?" मी म्हटलं, "कंचा पक्षी?" "तो टिट्-टिट् करतो तो. अस्वल चाललं की करतो. वरनं ऐकू येतंय." पक्षी-बिक्षी काही नव्हता. अस्वलाचा एक बूट ओला असायचा, तो वाजायचा. पोरं सगळ्यात जास्त त्या बुटाला हसायची. एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? पण मग तिनं आणखी विचारलं असतं, बूट कसा, कुठल्या पायातला, आणि शेवटी म्हणाली असती, काकी, एकदा बघू का. मी किल्ली फिरवली आणि म्हटलं, "हाय की. हिरवा हाय. चोच लाल." पक्षी म्हटल्यावर मला राघूच आठवला. तिचं तोंड असं उजळलं! "हिरवा," ती म्हणाली, आणि पळाली. पुढं संयोगिताच्या वहीत मी तो बघितला, अर्फानं काढून दिलेला, हिरव्या पेन्सिलीनं घासघासून रंगवलेला. खाली नाव पण लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. वाचता येत असून वाचलं नाही.

आणि तो दिवस. मी राख टाकायला अंगणात आले होते. आत अस्वल बडबडत होतं, पोरं खिदळत होती, म्हणजे चित्र स्वच्छ होतं. मी सहज वर बघितलं. अर्फा स्लॅबच्या कडेला बसली होती, पाइपापासनं चांगली दोन हात लांब, पाय मांडीवर घेऊन काटा काढत होती. दोन्ही हात पायाला. पाइप आपला उभा, एकटा. मी आत डोकावले. एक मुंगी नाही पडद्यावर. परत बाहेर आले. माझ्या हातात राखेचं घमेलं होतं, त्याची कड बोटांना लागत होती, हे मला आजसुद्धा आठवतंय. तेवढ्यात तिनं मला बघितलं, धडपडून उठली आणि पाइप धरला. मी म्हटलं, "धरलाय का नीट?" "व्हय काकी." "तशीच थांब."

सहावीला ती मिरजेला मामाकडं शिकायला गेली. पुढच्या रविवारी विश्वजीतनं विचारलं, "आई, वर कोण जाणार?" मी म्हटलं, "कुणी नको. हाय तसं चालतंय." चाललं. वर्षानुवर्षं चाललं. मालक तेव्हा सुट्टीवर होते, पलंगावर पडून सगळं ऐकत होते. म्हणाले, "मग ती पोरगी दोन वरसं वर काय करत हुती गं?" मी म्हटलं, "शेवया वाळवत हुती." माझ्या तोंडाला लागणारा माणूस त्या घरात नव्हता. पण ते हसले नाहीत, कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. माझे इतके बोललेले शब्द, कुणाकुणाला भाजलेले, त्यातला हाच एक माझ्याकडं परत येतो.

"आई! अहो, दिवा हिरवा आहे की!"

पूजा केसांना टॉवेल गुंडाळून उभी होती. मी म्हटलं, "आत्ताच झाला." ती खिडकीतनं वर ओरडली, "काका, आलंय हो! कधीचं आलंय!" नाथाजी खाली आला तेव्हा त्याची मान भाजलेल्या वांग्यासारखी झाली होती. दोन तांबे पाणी प्याला. "मी बी येडाच," तो हसत म्हणाला, "तासभर तीच पिन लावतोय न् काढतोय, लावतोय न् काढतोय." मग पूजाला सांगायला लागला, "वहिनी, पिन ढिली हाय. उद्या नवी आणून घालतो. टाकीशेजारी पेटी हाय, त्यातली निळी वायर. गेलंच तर जरा दाबून धरायची." मी त्याच्याकडं बघितलं नाही. तांब्या उचलून आत नेला. माझं वय सदुसष्ट. माणसानं एकदा चूक केली तर तिला वय असतं, परिस्थिती असते, वारा असतो. आज काय होतं? आज कुणाचा हेवा होता? काही नव्हतं. जीभ आपणहून तिकडं वळली, बैल वळतो तशी, सवयीच्या गोठ्याकडं.

दहाला बेल वाजली. संयोगिता तोंडानंच आधी आत आली, आणि तिच्या मागं अर्फा, चष्मा लावलेली, केसांत पांढऱ्या बटा, कडक इस्त्रीचा ड्रेस, हातात बेदाण्याची पिशवी. सांगलीला शाळेत हिंदी शिकवते. वाकून पाया पडली. मी तिचे हात धरले आणि नको ते केलं, तळहात उलटे करून बघितले. रेघ कसली असणार. "काय बघताय काकी, नखं?" ती म्हणाली. "कापल्यात. अंघोळ बी केलीय." सगळी हसली. मीही हसले, थोडी मागनं.

नातू यशराज रिमोट घेऊन बसला होता. मी म्हटलं, "अर्फा, वर बस सोफ्यावर." ती खाली बसली. "कार्टून खालीच बसून बघायचं असतंय ना, काकी? तुमची समदी ओळीनं सतरंजीवर असायची." यशराजनं विचारलं, "आणि तुम्ही?" "मी?" तिनं पोराकडं बघितलं. "मी लय मोठ्या हुद्द्यावर हुते, बाळा. मी सोडलं की समद्यांचं जायचं." संयोगिता म्हणाली, "खरंच रे! अर्फा नसती तर आम्हाला काही दिसलं नसतं." ती हे मनापासून म्हणाली. माझ्या लेकीला आजतागायत ठाऊक नाही. मी पदराच्या टोकाची गाठ सोडत होते आणि बांधत होते.

पिपाणीचे ते सूर लागले आणि संयोगितानं तोंडावर हात घेतला. अस्वल आलं. रंगीत आलं. खाकी कपडे, तांबडी पिशवी. मला एकदम परकं वाटलं, विधवा बाई अचानक रंगीत लुगडं नेसून समोर यावी तसं. अर्फा चष्मा सारखा करून पुढं सरकली होती. अस्वल निघालं. टिट्. टिट्. टिट्. यशराज फुसकन हसला, "बूट बघ, बूट!"

अर्फा हसली नाही. ती पडद्यावर शोधत होती. अस्वलाच्या डोक्यावर, झाडावर, पिशवीवर, आणि मग तिची नजर खाली उतरत उतरत त्या बुटावर आली. एवढा वेळ मी टीव्हीकडं बघितलंच नव्हतं, तिच्याकडं बघत होते. पुन्हा तिच्याच तोंडाकडं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "बूट हुता व्हय." आणि तिनं डोळे मिटले. तशीच बसून राहिली, मान जरा तिरकी करून, वरनं खालचं ऐकावं तशी.

"अर्फा," मी म्हटलं. "तो पक्षी..."

"पक्षी न्हवता ते ठाऊक हुतं, काकी." डोळे मिटलेलेच. "काळ्यापांढऱ्या टीव्हीत तुमी मला हिरवा पक्षी सांगितलात. घरी जाऊन रंगवला, आनि रंगवतानाच कळलं. पक्षी न्हाई हे ठाऊक हुतं. बूट हाय हे न्हवतं ठाऊक."

संयोगिता आमच्याकडं बघायला लागली. मी थांबायला हवं होतं. पण सुटलं होतं. "सोडला असतास तरी चित्र जात न्हवतं," मी म्हटलं. "मी बघितलं हुतं. तुझ्या पायात काटा गेलता तवा."

"तुमी बघितलंत ते मी बघितलं की."

"मग उतरली का न्हाईस गं? मला तोंडावर म्हणायचं, काकी, खोटं बोलताय!"

तिनं डोळे उघडले. रागानं नाही, वर्गात पोराला प्रश्न घालावा तशी ती माझ्याकडं वळली. "वर आवाज तरी यायचा, काकी. खाली उतरले असते तर मला कुठं बसवलं असतंत?"

साऱ्या आष्ट्यात माझ्या जिभेला लोक दचकायचे. भाजीवाली मला बघून भाव उतरवायची. ती जीभ मी दाताखाली धरली. सोपा आठवला, सतरंजी आठवली, पोरांची ओळ, आणि त्या ओळीत मी जागा शोधत होते, एका काटक्या पोरीपुरती. जागा होती. कितीतरी होती. मी तिथं कुणाला बसवलं नव्हतं एवढंच.

तेवढ्यात पडद्यावर अस्वल एक पाय उचलून थिजलं आणि मधोमध गोल चक्र फिरायला लागलं. यशराज ओरडला, "गेलं!"

आणि मी बघितलं, अर्फाचा हात जमिनीवर टेकला. गुडघा उठला. पंचेचाळीस वर्षांची मास्तरीण, आणि "गेलं" ऐकल्याबरोबर तिचं अंग उठायला लागलं. पूजा म्हणाली, "थांबा, मी बघते." मी अर्फाच्या खांद्यावर हात ठेवला, जोरातच ठेवला. "तू बस गं. कुणी उठायचं न्हाई." चपला न घालताच बाहेर पडले.

वीस पायऱ्या. डावा गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. मी म्हटलं बोल. गच्चीचं दार ढकललं तर ऊन अंगावर आलं. टाकीशेजारी पेटी, तिच्यात निळी वायर, पिन अर्धी बाहेर लोंबत होती. उकिडवं बसता येईना, म्हणून टाकीला खांदा लावून वाकले आणि अंगठ्यानं पिन दाबली. तळपाय भाजत होते. उभ्या जन्मात कधी वरून ओरडले नव्हते. नेमकं कुठं तोंड करून ओरडायचं ते कळेना. खाली बघून, कठड्याकडं, हाक घातली.

"आलं का?"

खाली काहीतरी हललं. मग खिडकीतनं आवाज आला, संयोगिताचा नाही, पूजाचा नाही.

"आलं, काकी! तशाच थांबा!"

त्यात हसू होतं की काय होतं मला वरून कळलं नाही. वरून तेवढं कळत नाही. अस्वल हिंदीत काहीतरी बोललं, निम्मं मला समजलं नाही. जरा वेळानं अर्फाचा आवाज आला, यशराजला सांगत होती, आणि खालची सगळी हसली. माझ्यापासनं दोन हात लांब टाकीची सावली पडली होती. पिन सोडून बघावी असं एकदा मनात आलं. कदाचित आता तिची ती बसली असेल. मी सोडली नाही. मान तिरकी करून ऐकत राहिले. अस्वल चालायला लागलं असावं. टिट्-टिट् वाजत होतं, आणि इथनं ऐकलं तर तो पक्षीच होता.